थोरलीची गाणी

जरा जपून या, पाहुणे; ताई, तुम्हीसुद्धा. इथं उंबरठा बुटका आहे, पण चौकटही ठेंगणीच आहे आणि नव्या माणसाच्या कपाळाला हमखास भेटते. चपला बाहेर ठेवा. आणि हा जो जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला रांजण दिसतो आहे ना, त्यात एकदम वाकून डोकावू नका. त्याला आमच्या आळीत रांजण म्हणत नाहीत, थोरली म्हणतात. परक्या माणसानं तोंडात तोंड घालून बघितलेलं तिला आवडत नाही, असं जुनी माणसं सांगत. तुमचा विश्वास नसला तर नसू द्या, पण दोन पावलं मागंच उभे राहा.

कडेगव्हाणची ही निळारी आळी. सीना नदीच्या काठानं एके काळी इथं निळीत बुडवलेली लुगडी वाळत असायची आणि वाटसरू लांबूनच म्हणायचे, कडेगव्हाण आलं. आता दोनच घरं कापड रंगवतात. थोरली मात्र जिवंत आहे, आणि रोज दिवेलागणीला आळीतल्या बाया तिच्याभोवती बसून निळ्या रंगाची गाणी म्हणतात. ही गाणी दुसऱ्या कुठल्या गावात नाहीत. अंगाईच्या चालीवर आहेत, पण निजवण्याची नाहीत. ती उठवण्याची आहेत. असं का, तेच सांगतो.

निळीचं पाणी म्हणजे नुसता रंग नव्हे. दुधाला विरजण लागतं, तसं त्याला आधीच्या पाण्याचं विरजण लागतं. थंडीत आळीतले बाकीचे रांजण बंद करून ठेवायचे आणि उन्हं तापली की थोरलीतलं पाणी नेऊन ते पुन्हा लावायचे, अशी रीत होती. म्हणजे थोरली गेली की सगळी आळी गेली. म्हणून तिला बाळंतिणीसारखं जपत. भुशाची धग द्यायची, गोधडी पांघरायची, खाऊ म्हणून टाकळ्याचं बी शिजवून घालायचं, चुना बेतानंच घालायचा, जास्त पडला तर पाणी मरतं. आणि ज्या बाईला सुतक आहे, तिची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

त्या काळी थोरलीची राखण येसाईकडे होती. कडक बाई. तिच्या एकुलत्या एका मुलाला, खंडूला, नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली, शेतकरी घरातली सगुणा दिली होती. तिनं निळीचं काम कधी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं पाहिलं, की पांढरं कापड रांजणात जातं, बाहेर येतं ते पोपटी हिरवं, आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं होतं. ती तोंडाला पदर लावून हसतच सुटली, म्हणे. मग तिथंच उभ्या उभ्या तिनं पहिली ओवी रचली:

*पांढरं गेलं आत, हिरवं आलं वर,*
*वारा शिवला बाई त्याला, निळ्यानं भरलं घर.*

त्या दिवसापासून सगुणाला निळ्या रंगाचं वेडच लागलं. दळताना निळं, धुताना निळं. दिवस राहिल्यावर तर विचारूच नका. पोटातल्या बाळासाठी तिनं अंगाईवर अंगाई रचायला घेतली. येसाई म्हणायची, "अगं, पोरगं अजून जन्मलं न्हाई, आन तेला गाण्याचं अजीर्ण व्हायचं." पण बोलता बोलता तीही खारीक कुटत होती. सुनेच्या बाळंतपणासाठी गुळाचे, खारकेचे लाडू तिनं आधीच करून मडक्यात भरून ठेवले होते. नातवंडाचं पांढरं टोपडंही शिवून ठेवलं होतं, बारशाला निळीत बुडवायचं म्हणून.

मुलगी झाली. पाचवी पुजली. आणि बारशाच्या आत ती गेली.

नाव ठेवण्याआधी गेलेल्या लेकराबद्दल त्या काळी बोलत नसत. त्याला नाव नाही, मग हाक कशी मारायची आणि रडायचं तरी कुणाच्या नावानं? चार बायकांनी सगुणाला सांगितलं, "इसर आता. दुसरं व्हईल." पाळणा उतरवला, लाडवांचं मडकं कोपऱ्यात सरकवलं. सगुणाला दुधाचा त्रास झाला, त्यावर बायकांकडे पाला होता. आतल्या गाण्यांचं काय करायचं, ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सुतकात गाणं म्हणजे केवढं पाप! ती तोंड मिटून बसली.

त्याच दिवसांत थोरली बिघडली. वरचा जांभळट फेस, ज्याला आम्ही फूल म्हणतो, तो बसला. वास बदलला. कापड घातलं तर राखेसारखं मळकट निघालं. आळीत हाहाकार झाला. सटवाजी म्हणून आळीतले कारभारी होते, त्यांनी सगळ्यांना जमवलं. कुणीतरी म्हणालं, आम्ही सगुणाला थोरलीच्या दाराशी रडत बसलेलं पाहिलं. ते खरंही होतं. बसायला दुसरी जागा कुठं होती तिला? झालं, सगळं खापर तिच्यावर फुटलं.

सटवाजी म्हणाले, "माघातल्या जत्रंपत्तूर वाट बघू. तवर थोरली उठली न्हाई, तर हिला म्हायेरी धाडा. पुन्हा आणू नगा. खंडूला दुसरी बघू."

आणि खंडू काय बोलला? काही नाही. मान खाली घालून उभा राहिला. तो आमच्याच घराण्यातला पुरुष, म्हणून सांगायला लाज वाटते, पण त्यानं ब्रसुद्धा काढला नाही. येसाईही बोलली नाही. तिचा चेहरा मात्र त्या दिवसापासून पांढराफटक पडला, असं सांगतात.

मेलेल्या रांजणाकडे कोण जाणार? आळीनं हात टेकले. खोलीत धग घालायचं बंद झालं. सगुणा घरात बसून तेच ऐकत होती आणि तिच्या मनात आलं, की आपण थोरलीला मारलं असं सगळे म्हणतात, मग आता आपण तिच्याजवळ गेल्यानं तिचं आणखी काय वाईट होणार आहे? दुपारी बाया नदीवर गेल्या, तशी ती उठली. लेकीचं दुपटं काखेत मारलं, मडक्यातला एक लाडू पदरात बांधला आणि या इथं आली.

तिनं झाकण काढलं. रांजणाच्या कडेला हात लावला, तर गार. बाळंतीण आणि गार! सगुणाला इतकं वाईट वाटलं, की स्वतःचं दुःख ती घटकाभर विसरली. तिनं भुसा पेटवून धग केली, रांजणाच्या गळ्याभोवती दुपटं गुंडाळलं. मग लाडू कुस्करून आत सोडला. "खा बाई," ती म्हणाली. "बाळंतिणीचं हाये. मला न्हाई गिळवत, तू तरी खा."

आणि ती गायला लागली. हळू, कुणी ऐकू नये एवढंच. बाळासाठी रचलेली अंगाई ओठावर आली, पण 'नीज' हा शब्द तिच्या तोंडून निघेना. आणखी कुणी निजलेलं तिला नको होतं. म्हणून जिथं जिथं नीज होतं, तिथं तिथं तिनं ऊठ घातलं.

*जवसाचं फूल निळं, निळी मोराची मान,*
*ऊठ माझे बाई आता, उन्हं आली छान.*

मग ती रोज जाऊ लागली. रोज एक लाडू, रोज धग, रोज गाणी. आभाळाचं निळं, धुक्यातल्या डोंगराचं निळं, म्हशीच्या शिंगाला लावायच्या मण्याचं निळं, जे जे लेकीला दाखवायचं राहून गेलं होतं ते सगळं ती थोरलीला सांगत होती. रडू यायचं तेव्हा रडायची, पण गाणं तोडायची नाही.

एके दिवशी गाता गाता दारात सावली पडली. वळून बघते तो येसाई. सगुणाच्या हातातला लाडू तसाच राहिला. आता केस धरून बाहेर काढणार, असं तिला वाटलं. पण येसाई तिथंच उंबरठ्यावर बसली.

"सगुणे," ती म्हणाली, "चुना म्या घातला. पोर गेली त्या सांजंला, सुतक असून घातला, आन घातल्याचं इसरून पुन्हा घातला. डोकं ठिकाणावर नव्हतं माजं. दुसऱ्या दिवशी वासावरनंच कळलं मला. तुज्यावर आळ आला तवा तोंड उघडलं न्हाई म्या. भ्याले."

सगुणाला राग आला. खोटं कशाला सांगू, असा राग आला की हातातला लाडू त्या म्हातारीच्या अंगावर फेकावा. माझं लेकरू गेलं, माझं घर चाललं होतं, आणि ही गप्प बसली! ती काही बोलणार, इतक्यात तिची नजर येसाईच्या हातांवर गेली. जन्मभर चुन्यात घालून भेगाळलेले हात. तिच्या लेकीला पहिली आंघोळ याच हातांनी घातली होती. त्या लेकीसाठी आपल्याखेरीज आणखी कुणाचं तरी डोकं फिरलं होतं, कुणीतरी दोनदा चुना घालण्याइतकं रडलं होतं, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तिनं लाडू पुढे केला. "आत्याबाई, तुमीच केल्यात. तुमीच घाला."

त्या संध्याकाळी येसाईनं आळीच्या मध्यावर उभं राहून सगळ्यांदेखत चूक सांगितली. सटवाजींनी तिच्याकडची राखण काढून घेतली आणि तिनं ती मुकाट्यानं दिली. पण दुपारी त्या दोघी इथं यायच्या, त्यांना कुणी अडवलं नाही. मडकं रिकामं होत आलं. जत्रा तोंडावर आली.

आणि एका सकाळी सगुणानं झाकण काढलं, तर पाण्यावर फूल! जांभळं, तांबूस चकाकी मारणारं, काठोकाठ. ती ओरडली नाही. दारात जाऊन तिनं येसाईला हातानंच बोलावलं. येसाई धावत आली, तिनं बघितलं, आणि घरी जाऊन ट्रंकेच्या तळातून ते पांढरं टोपडं घेऊन आली. सगुणानं ते थोरलीत बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा हिरवं होतं. दोघींनी दारात जाऊन वाऱ्यावर धरलं. बघता बघता ते असं निळं झालं, की तसला निळा पुन्हा कुणाला साधला नाही, म्हणे.

ते ओलं टोपडं हातात घेऊन येसाईनं विचारलं, "काय नाव ठिवणार हुतीस गं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. सगुणा म्हणाली, "निळाई."

येसाई रांजणापाशी गुडघे टेकून बसली. बारशाला बाळाच्या कानापाशी तोंड नेतात, तसं तिनं थोरलीच्या तोंडापाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्रर्र... निळाई." मग सासूसुना गळ्यात गळा घालून रडल्या. तोवर दारात जमलेली सगळी आळी रडली. खंडूसुद्धा रडला, म्हणे, आणि त्यानं सगुणाची माफी मागितली. तिनं ती लगेच दिली नाही, असंही सांगतात. बरं केलं.

ही झाली तेव्हाची गोष्ट. आजही बारशाआधी लेकरू गेलेली बाई इथं येते. कुठून कुठून येतात. कुणी बैलगाडीतून यायची, आता मोटारीतून येतात. आळीतली सगळ्यांत म्हातारी बाई रांजणाशी वाकते, आई सांगेल ते नाव आत सांगते, आणि त्या संध्याकाळी शेवटच्या ओवीत ते नाव घालून गाणं होतं. कुठली, कोण, काय झालं होतं, काही विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशीही ते नाव गळत नाही. एकदा आत गेलेलं नाव आळीनं सोडलेलं नाही.

म्हणून आमचं गाणं दरसाल लांबत चाललं आहे. माझ्या आईच्या वेळी ते घरोघरचे दिवे लावून होईपर्यंत संपायचं; आता चांगला अंधार पडतो. तुम्हाला शेवटची एसटी गाठायची असेल तर आत्ताच निघा. थांबणार असाल, तर त्या घोंगडीवर बसा. आणि ताई, तुम्ही मघापासून काही बोलला नाहीत. तुम्हाला कुणाचं नाव सांगायचं असेल, तर बाया येतीलच एवढ्यात.