बसलेला दिसला की उभा कर

बोरखिंडीच्या शाळेत केरबा नावाचा एक शिपाई होता, भोळा. भोळा म्हणजे किती? 'घंटेकडे लक्ष ठेव' म्हटलं, तर दिवसभर घंटेकडे टक लावून बघायचा. वाजवायचा मात्र नाही. 'झाडांना पाणी दाखव' म्हटलं, तर भरलेली बादली झाडापुढं धरायचा आणि तशीच परत आणायचा.

शाळेचे हेडमास्तर धायगुडे गुरुजी मात्र फार शहाणे. निदान त्यांचं स्वतःचं तसं म्हणणं होतं.

एकदा गुरुजी तालुक्याहून मीटिंग करून आले, ते छाती फुगवूनच. म्हणाले, "उद्यापासून प्रतिज्ञेला एकजात सगळे उभे. जो उभा राहत नाही, त्याचं देशावर प्रेम नाही!"

पोरं उभीच राहत होती. बसत होती एकटी इंदू. दुसरीतली. चिंचेवरून पडली होती. उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड महिना पाय टेकवायचा नाही, हाड वाकडं जुळलं तर पोर जन्मभर लंगडेल. तिची आई शालन शाळेतच खिचडी शिजवायची. तांदूळ निवडतानाही तिच्या डोळ्यांपुढं लंगडत चाललेली इंदूच यायची.

ती गुरुजींकडे गेली. "गुरुजी, तिला बसून म्हणू द्या की. सगळी पाठ आहे तिला."

"पाठ काय, पोपटालाही असते. एकीला सोडलं तर उद्या सगळी शाळा बसेल."

"सगळ्या शाळेचा पाय कुठं मोडलाय?"

गुरुजी तिला सोडून केरबावरच ओरडले. "केरबा! प्रतिज्ञेला कुणी बसलेला दिसला की उभा कर. कोण आहे, का बसलाय, काही विचारायचं नाही!"

"जी," केरबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंदूला काखेत हात घालून उभं केलं. पोर किंचाळली. शालन हातातल्या डावासकट धावत आली.

"सोड मेल्या तिला!"

"गुरुजींचा हुकूम हाय, वैनी."

शेवटी शालननं लेकीला आपल्याच कडेवर घेतलं, मोडका पाय अधांतरी धरला आणि प्रतिज्ञा होईपर्यंत तशीच उभी राहिली. मग हे रोजचंच झालं. रोज इकडं पोर कडेवर, तिकडं खिचडी चुलीवर.

तिसऱ्या दिवशी करपल्याचा वास आला. शालन हळहळली, "गेली बाई! बसली वाटतं खाली."

केरबानं कान टवकारले. "कोण बसली?"

"खिचडी!"

"परतिज्ञा चालू असताना?"

तो धावला. गोणपाटानं पातेलं धरलं आणि चुलीवर नीट बसलं होतं ते काठावर उभं केलं. साठ पोरांची खिचडी अंगणात गेली. त्या दिवशी गावची कुत्री जेवली, पोरं नाही.

"अरे टोणग्या!" गुरुजी कडाडले. "खिचडी माणूस आहे का? माणसाला उभं करायचं, माणसाला!"

"असं व्हय? आधी सांगायचं न्हाई का, गुरुजी! आता माणसालाच."

पुढच्या आठवड्यात केरबा गुरुजींच्या घरी दळण पोचवायला गेला. मास्तरीणबाई देवापुढं फुलं वाहत होत्या.

"तुमचा श्रीधर दिसत न्हाई, बाई?"

"अरे, तालुक्याला दहावीला बसलाय ना तो."

केरबाच्या हातून पिठाचा डबा निसटता निसटता राहिला. "बसलाय?"

"बसलाय हो. यंदा मन लावून बसलाय."

"आन् गुरुजींस्नी ठावं हाय?"

"त्यांनीच तर बसवलंय!"

केरबानं कपाळावर हात मारला. गुरुजींच्याच घरात असली तऱ्हा! त्यानं एसटी पकडली, तालुक्याला गेला. अंगावर खाकी बघून परीक्षेच्या वर्गात त्याला कुणी अडवलं नाही. गणिताचा पेपर चालू होता. त्यानं श्रीधरची कॉलर धरली, उचलला आणि ताठ उभा केला. वरून खांदे धरून ठेवले. तीन मास्तर झोंबले तेव्हा कुठं पोरगं सुटलं, तोवर वेळ संपली होती.

श्रीधरचं गणित गेलं. तसंही ते जाणारच होतं. पण आता बापाला सांगायला कारण मिळालं.

गुरुजी तर पायातलं काढूनच आले. "गाढवा! परीक्षेला बसलेल्याला उठवतात? यापुढं कुणी बसलेला दिसला, तर आधी मला येऊन विचारायचं. मी हो म्हटलं तरच उभा करायचा!"

"आधी सांगायचं न्हाई का, गुरुजी! आता विचारूनच."

शालनला वाटलं, आता गुरुजींचं काळीज हललं असेल. ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या बाळाला उठवलं तर तुम्हाला किती लागलं. माझ्या इंदूचं तर हाड मोडलंय."

"बाई, देशासाठी लोकांनी प्राण दिले. तुझ्या पोरीला पाच मिनिटं उभं राहवत नाही?" असं गुरुजी म्हणाले. म्हणाले ते खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकून.

शनिवारी मोठे साहेब शाळा तपासायला येणार होते. त्या सकाळी गुरुजींनी शालनला ताकीद दिली, "आज तू चहा सांभाळ. पोरगी ओळीत आपल्या पायावर उभी पाहिजे. नाहीतर खिचडीला दुसरी बाई बघतो."

शालननं मान हलवली. पण इंदूला तिनं तांदळाच्या खोलीत पोत्यावर बसवलं आणि दार ओढून घेतलं. मग चहाची किटली घेऊन अंगणात आली.

साहेब आले. वाटेत कुठं भजी खाल्ली होती कोण जाणे, आल्या आल्या पोट धरून म्हणाले, "तुम्ही प्रतिज्ञा सुरू करा, हेडमास्तर. मी आलोच. तिथूनही ऐकू येईल." आणि शाळेमागं पळाले.

गुरुजींनी "सावधान!" अशी आरोळी ठोकली, की मागंपर्यंत पोचावी. पोरांनी उजवे हात पुढं केले. प्रतिज्ञा सुरू झाली.

तेवढ्यात केरबा गुरुजींच्या कानाशी लागला. "गुरुजी, एक जण आत बसलंय. दार लावून. उभं करू?"

गुरुजींनी मान न वळवता दात खाल्ले. "विचारतोस काय? उभं कर आणि इथं आण!"

शालनच्या हातातली किटली खाली पडली. केरबा तांदळाच्या खोलीकडं निघाला. तिनं पदर खोचला आणि मागं धावली. केरबा खोलीच्या दारापाशी आला... आणि तसाच पुढं गेला. शाळेमागं. संडासाकडं.

आधी दार मोडल्याचा आवाज आला. मग साहेबांचा.

पोरं 'सौजन्यानं' या शब्दावर आली होती, तेव्हा केरबा साहेबांना घेऊन आला. साहेबांनी दोन्ही हातांनी पँट धरली होती. केरबानं त्यातला उजवा हात सोडवला आणि पुढं केला.

"म्हणा, साहेब."

"हेडमास्तर!" साहेब किंचाळले. "मला बसू द्या! मला उभं राहवत नाही!"

"परतिज्ञा व्हायची हाय, साहेब," केरबा समजुतीनं म्हणाला.

"अरे, बसू दे त्यांना!" गुरुजींना घाम फुटला. "प्रतिज्ञेला बसलं तरी चालतं!"

"कुणी बी?"

"कुणीही! ज्याला उभं राहवत नाही त्यानं बसूनच म्हणायची!"

हे साठ पोरांनी ऐकलं. शालननं सगळ्यांच्या आधी ऐकलं. तिनं इंदूला उचलून आणलं, पाट मांडला आणि ओळीच्या पुढं, गुरुजींच्या नाकासमोर, पाय लांब करून बसवलं. इंदूनं खणखणीत आवाजात पहिल्यापासून प्रतिज्ञा धरली.

साहेबांना कुठं बसवायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. केरबानं ते आपल्या डोक्यानं ठरवलं. त्यानं साहेबांना उचललं आणि जिथून आणलं होतं तिथंच नेऊन बसवलं. दार तर मोडलेलंच होतं. साहेबांना सगळं नीट दिसावं, म्हणून त्यानं उरलेली फळीसुद्धा बाजूला केली आणि तिथूनच हाळी दिली:

"गुरुजी, साहेब बसलं! आता सगळी पोरं हिकडं आणा, म्हंजी त्यांस्नी तपासता येतील!"