नवरीने मान आडवी हलवली

एका गावात अक्षय्य तृतीयेला बाहुला-बाहुलीचं लग्न मोठ्या हौसेने लागायचं. नवरी दरवर्षी तीच, गोदूमावशींची बाहुली. मावशींच्या आईने कागदाच्या लगद्यापासून केलेली ती बाहुली आता फार जुनी, हाताळायलाही भीती वाटावी अशी नाजूक झाली होती. अंतरपाट दूर झाला की मावशी विचारायच्या, "काय गं, नांदशील ना नीट?" हनुवटीला बोट लागताच बाहुली वरखाली मान डोलवायची. नवरीचा होकार आला, की मगच पोरांच्या पंगती बसायच्या.

त्याच गावात सगुणा नावाची बाई बाहुल्या करायची. तिच्या बाहुल्या देखण्या, पण ताठ मानेच्या. एखादी तरी डोलणारी बाहुली आपल्या हातून व्हावी, असं तिला फार वाटे.

त्या वर्षी मावशींनी नवरीला साडी नेसवायला सगुणाकडे दिली. "जपून हो," त्या म्हणाल्या, "माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे ती."

साडी नेसवून झाली, पण सगुणाला राहवेना. 'विचारलं तर मावशी नको म्हणतील,' असं तिच्या मनात आलं. तिने पाठीवरचा जोड ओल्या फडक्याने भिजवला आणि हलकेच उकलला. पाठीला तडा गेला. आत पाहते तो मानेखाली मातीचा एक गोळा लोंबत होता, आणि मान तोलून धरणारी बांबूची काडी पार कुजलेली. बोट लागताच ती मोडली.

घाईघाईने तिने नवी काडी घातली, खळ लावून पाठ चिकटवली आणि साडीचा पदर वर ओढला. मान हलवून बघायची सोयच नव्हती, खळ ओली होती. बाहेर पोरांचे ताशे वाजायला लागले होते.

अंतरपाट दूर झाला. "नांदशील ना नीट?" मावशींनी विचारलं. बाहुलीची मान डावी-उजवीकडे हलली.

"नवरी नाही म्हणतेय," पोरं ओरडली. "नवरा पसंत नाही तिला."

मावशी ओशाळल्या. "काल पेटीचं झाकण माझ्या हातून निसटलं होतं. मीच दुखावलं वाटतं हिला."

आता गप्प राहिलं, तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण मावशी स्वतःला दोष देताहेत, हे सगुणाला बघवेना. "तुमच्या हातून नाही, मावशी," ती म्हणाली. "मी उकलली तिला. मान कशी डोलते ते बघायचं होतं."

मावशींनी पदराखाली हात घालून तडा चाचपला. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी बाहुलीचं डोकं अलगद वर उचललं. मानेसकट ते सहज बाहेर आलं, खालच्या गोळ्यासह.

"हे असं निघतं," त्या म्हणाल्या. "पाठ फोडायला कशाला हवी होती? विचारलं असतंस, तर मांडीवर घेऊन दाखवलं असतं. काडी या कानाकडून त्या कानाकडे अशी आडवी घालायची असते गं. तू नाकाच्या दिशेने घातलीस, मग ती नाहीच म्हणणार."

सगुणाने मान खाली घातली. "असू दे," मावशी हसल्या, "इतकी वर्षं मुकाट्याने हो म्हणत आली बिचारी. धर आता, तूच घाल नीट."

सगुणाने काडी फिरवून नीट घातली. नवरीने होकार दिला, पंगत बसली. पाठीवरचा तडा मात्र कायमचा राहिला. दरवर्षी साडी नेसवताना सगुणाचं बोट त्यावरून फिरतं, आणि तिच्या घरच्या साऱ्या नव्या बाहुल्या आता डोलतात.

तात्पर्य इतकंच: दुसऱ्याच्या जिवापाड जपलेल्या वस्तूचं गुपित हवं असेल, तर आधी त्या माणसाला विचारावं, आणि हातून चूक झालीच, तर ती कबूल करावी, म्हणजे वस्तूला तडा गेला तरी माया अभंग राहते.