आतले राखणदार

एकदा एक शिष्य वडिलांचे तेरावे उरकून थेट गुरूच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, मी माझ्या बापाला मारलं."

गुरू म्हणजे त्या गावातले वृद्ध वैद्य. जुने ग्रंथ त्यांना मुखोद्गत होते आणि शरीरशास्त्राची नवी पुस्तकेही ते भिंग लावून वाचत. शिष्याचे नाव जनार्दन. नऊ वर्षे तो त्यांच्या हाताखाली शिकत होता. अलीकडे तो स्वतः रोगी तपासू लागला होता आणि लोक त्यालाही वैद्य म्हणू लागले होते.

वैद्यांनी त्याचे सांत्वन केले नाही. समोरचा पाट पुढे सरकवला आणि म्हणाले, "बस. काय झालं ते पहिल्यापासून सांग."

खरे तर त्यातले बरेचसे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. पण दुःख ज्याचे त्यानेच एकदा मोठ्याने सांगावे लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

जनार्दनचे वडील तुळशीराम भडभुंजे. बाजाराच्या टोकाला, घराला लागूनच त्यांची भट्टी होती. खाली भाताच्या तुसाचा जाळ, वर लोखंडी कढई, कढईत तापलेली वाळू आणि त्या वाळूत टणाटण उडणारे हरभरे. बेचाळीस वर्षे हा माणूस त्या धुरासमोर उभा राहिला. गावातल्या प्रत्येक जत्रेत आणि प्रत्येक लग्नात त्यांनी भाजलेले फुटाणे, चुरमुरे आणि लाह्या असत.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना दम लागू लागला. आधी देवळाच्या पायऱ्या चढताना, मग अंगणातून घरात येताना आणि पुढे पुढे नुसते बोलतानाही. जनार्दनने त्यांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, औषधे दिली आणि जनार्दनला बाजूला घेऊन सांगितले, "फुप्फुसं झिजली आहेत. त्रास कमी करता येईल. झालेली झीज मात्र भरून येणार नाही."

मुलगा वैद्य, आणि त्याच्याच बापाच्या बाबतीत असे उत्तर! ते जनार्दनच्या गळी उतरेना.

त्याच सुमारास गावात एक व्यापारी आला. बाजारात मांडव घालून तो सांगत होता, "लोखंड गंजतं तसं शरीर आतून गंजतं. प्राणवायूच त्याला गंजवतो. तो गंज थांबवणारं अँटिऑक्सिडंट या चूर्णात आहे." शब्द नवा होता, डबा चकचकीत होता. व्यापाऱ्याने वाटलेला माहितीचा कागद घेऊन जनार्दन गुरूंकडे धावला. वैद्यांनी त्यावरचा मजकूर भिंगाखाली धरून शांतपणे वाचला आणि म्हणाले, "इस्पितळातली औषधं चालू ठेव. या चूर्णाचा त्यांना उपयोग होईल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा तू त्यांच्याजवळ बस."

जनार्दनला ते एका थकलेल्या माणसाचे उत्तर वाटले. तरीही गुरूंचा शब्द मोडवेना. तीन आठवडे त्याचे मन हेलकावे खात राहिले. शेवटी एके सकाळी त्याने पिशवी उचलली. व्यापारी एव्हाना शहरात परतला होता, म्हणजे जाऊन येऊन दोन दिवस लागणार होते.

तुळशीराम उशीला टेकून बसले होते. धापा टाकत म्हणाले, "जना, आज नको जाऊस. मग जा कधीतरी."

"अण्णा, आधीच उशीर झालाय," असे म्हणत तो निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुळशीराम गेले. उशाशी त्यांची बायको होती आणि वृद्ध वैद्य होते. संध्याकाळी जनार्दन डबा घेऊन गल्लीत वळला, तेव्हा अंगणात माणसे जमलेली होती.

एवढे सांगून जनार्दन म्हणाला, "तीन आठवडे, गुरुजी. तीन आठवडे मी नुसता विचार करत बसलो. तेव्हाच आणलं असतं तर अण्णा आज असते."

वैद्य काठी घेऊन उठले. "चल. तुझ्या वडिलांची भट्टी पेटव."

"भट्टी? आता? कशासाठी?"

"हरभरे भाज. मी सांगेन तेव्हा थांब."

गुरूंचे हे वागणे त्याला चमत्कारिक वाटले, काहीसे निर्दयही वाटले. पण नऊ वर्षांची सवय होती. तो मुकाट्याने निघाला.

महिनोन्महिने थंड पडलेली भट्टी पेटायला वेळ लागला. तूस दमट झाले होते, त्याचा पिवळट धूर बसून राहिला. जनार्दनने कढईत वाळू घातली, ती तापल्यावर हरभरे घातले आणि तो झारा फिरवू लागला. पहिल्या खेपेलाच त्याचे डोळे चुरचुरू लागले. दुसरीला घसा धरला. तिसऱ्या खेपेला छातीतून असा खोकला उठला की झारा हातातून सुटला आणि गरम वाळू मनगटावर उडाली. मागच्या दारात त्याची आई येऊन उभी राहिली. तिने धुराकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि ती आत निघून गेली. चौथी खेप चाळणीत पडली, तेव्हा बाहेर पोत्यावर बसलेले वैद्य म्हणाले, "पुरे. बाहेर ये."

समोरच्या दुकानाच्या सावलीत तो लवून खोकत बसला. वैद्यांनी त्याला पाणी दिले आणि दुसरे काही केले नाही. ऊन पायरीवरून उतरून रस्त्यावर गेले. हळूहळू खोकला थांबला, डोळ्यांची लाली ओसरली, श्वास सरळ झाला.

"आता कसं वाटतंय?" वैद्यांनी विचारले.

"बरं आहे."

"कोणतं औषध घेतलंस?"

"काहीच नाही. पाणी प्यालो."

"मग बरं कुणी केलं?"

उत्तराची वाट न पाहता वैद्य सावकाश बोलू लागले.

"त्या व्यापाऱ्याने तुला अर्धंच सांगितलं. प्राणवायू आपल्याला जगवतो आणि थोडं थोडं जाळतोही, हे खरं आहे. प्रत्येक पेशीत अन्न जळत असतं. जाळ आला की ठिणग्या उडणारच, आणि धूर त्यात भर घालतो. पण या ठिणग्या झेलणारे राखणदार शरीर स्वतःच घडवतं, हे तो बोलला नाही. काही राखणदार ठिणगीचा दाह कमी करतात, काही शेवटी तिचं पाणी करून टाकतात. त्यांच्यात ग्लुटाथिओन नावाचा एक आहे, अगदी छोटा. तो पेशीपेशीत घडतो, यकृतात सर्वांत जास्त, आणि तोही आपण खाल्लेल्या वरणभाताच्याच अंशातून. ठिणगी आली की तो ती स्वतःच्या अंगावर घेतो आणि निकामी होतो. मग दुसरं कुणी त्याला सावरून पुन्हा उभं करतं. तू मघाशी खोकत होतास, तेव्हा तुझ्या छातीत हेच चाललं होतं. सगळं श्रेय त्यांचंच असं मी म्हणत नाही, शरीराजवळ इतरही उपाय आहेत. पण त्यांच्यावाचून तू असा सावरला नसतास."

जनार्दन भट्टीकडे पाहत राहिला. "आणि अण्णांच्या छातीत?"

"बेचाळीस वर्षं हेच. रोज सकाळी नवा धूर आणि रोज आतून नवे राखणदार. थोडा ताण पडला तर शरीर ते जास्त घडवायला शिकतं, म्हणून तर कष्टाने अंग बनतं. पण ताण कधी सरलाच नाही, आणि वरून वय झालं, तर घडण मंदावते. मग निकामी होणारे जास्त आणि उभे राहणारे कमी, असं होत जातं. चांगलं अन्न आणि पुरेशी झोप मिळाली तर त्यांना बळ येतं. डब्यातलं चूर्ण गिळलं म्हणून ते त्यांच्या जागी जाऊन उभं राहत नाही. शिवाय सगळ्याच ठिणग्या विझवूनही चालत नाही. त्यातल्याच काहींनी शरीर जंतू मारतं."

मग आवाज उतरवून ते म्हणाले, "तुला वाटतं, तू तीन आठवडे उशिरा धावलास. अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून तुझ्या वडिलांसाठी आत कुणीतरी धावत होतं. ते थकले तेव्हा तुळशीराम गेले. माणूस गेला ते तुला दिसलं. इतकी वर्षं तो तगला, ते दिसलं नाही."

जनार्दन त्यांच्याकडे वळला. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"चूर्णाच्या बाबतीत नव्हती."

या उत्तरात काहीतरी शिल्लक राहिले आहे, हे जनार्दनला कळले. जो प्रश्न तो तेरा दिवस टाळत होता, तो त्याने शेवटी विचारला. "मी गेल्यावर अण्णांनी माझी चौकशी केली का?"

वैद्यांना खोटे बोलता आले असते. ते क्षणभर काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "केली. दोनदा. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, येतोय, गल्लीत वळलाय. मग त्यांनी डोळे मिटले."

रस्त्यावरून कुणी ओळखीचा हाक मारत गेला. दोघांनीही ओ दिली नाही.

"यावर माझ्याकडे औषध नाही, बाळा," वैद्य म्हणाले. "हे दुःख तुझं आहे आणि ते तुला बाळगावं लागेल. पण जो अपराध केलाच नाहीस, त्याच्याखाली ते पुरून ठेवू नकोस. तिथे ते नुसतं कुजेल."

तेरा दिवसांत जनार्दन पहिल्यांदाच रडला. वडिलांना वाचवू न शकलेला वैद्य म्हणून तो आजवर स्वतःला दोष देत आला होता. आता वडिलांनी थांब म्हटले असताना न थांबलेला मुलगा रडत होता. वैद्य त्याच्या शेजारी बसून राहिले. त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, की पुरे असेही म्हटले नाही.

ऊन कलल्यावर तो घरी गेला. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. आल्यागेल्यांचे पाहण्यात आणि विधींच्या धावपळीत तो इतक्या दिवसांत तिच्याजवळ घडीभरही टेकला नव्हता. तो तिच्या बाजूला जमिनीवर बसला. त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता.

आई त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "भट्टी बंद केली की ते लगेच घरात यायचे नाहीत. विहिरीपाशी जाऊन मनसोक्त खोकून घ्यायचे. तू लहान होतास. म्हणायचे, पोरगं खोकला ऐकून घाबरतं."

"मला कधी कळलंच नाही."

"कळू नये म्हणूनच तर जायचे." तिने पदराने डोळे टिपले आणि ती पुढे सांगू लागली. लग्नानंतरची पहिली भट्टी, कढई तडकली तो दिवस, एका जत्रेत दोघांनी मिळून भाजलेल्या लाह्या.

बाहेर अंधारून आले. कुणीतरी जनार्दनला रोगी पाहायला बोलावण्यासाठी आले आणि दारातूनच आत डोकावले. साधा पडसे-खोकला होता. "सकाळी येतो," त्याने हलकेच सांगितले आणि तो पुन्हा आईकडे वळला. ती बोलत राहिली. जनार्दन मध्ये एकदाही उठला नाही.