शेवटच्या द्रोणातलं गूळपाणी

उन्हातून आलेल्याला पशुपक्षीही गूळपाणी देत, त्या काळची ही गोष्ट. एका माळावरचं तळं आटलं. पाणी शोधायला गेलेला ससा भर उन्हात धावत परतला आणि साळुंकीच्या झाडाखाली कोसळला. पाणी कुठे आहे ते त्याला कळलं होतं, पण जीभ टाळ्याला चिकटलेली, शब्द फुटेना.

साळुंकीला सगळ्यांच्या घरट्यांत डोकावायची खोड, पण बाई मोठी मायाळू. माळावरचं शेवटचं द्रोणभर पाणी तिच्याकडेच उरलं होतं. तिने त्यात गूळ कालवायला घेतला.

"साळूबाई, नखभर गूळ पुरे, आणि मिठाचे दोन कण टाक," म्हातारं कासव म्हणालं. "पातळ असलं की अंगात लवकर जिरतं. दाट केलंस तर पोटातच बसेल आणि अंगातलं पाणीही ओढून घेईल."

"दारी आलेल्या लेकराला मीठ पाजू? तुमचा चिक्कूपणा तुमच्यापाशीच ठेवा, आजोबा!" असं म्हणत तिने साठवणीतला सगळा गूळ त्यात ढकलला.

ससा घटाघटा प्यायला. जरा वेळाने पोट धरून लोळू लागला. जुलाब झाले आणि अंगात होतं नव्हतं ते पाणीही गेलं.

साळुंकी त्याच्या कानाशी विनवत राहिली, "बाळा, कुठल्या दिशेला रे? नुसता कान हलव."

कान हलला नाही.

तहानलेले प्राणी भोवती उभे होते. द्रोणाच्या तळाशी घट्ट पाक उरला होता, त्याला मुंग्या लागल्या. साळुंकी त्यांच्याकडे बघत बसून राहिली.