तळ्यातले शिसे आणि सात तारीख

विणकरांच्या एका गावाला पिण्याचे पाणी एकाच तळ्यातून मिळत असे. त्या तळ्याकाठी गावातल्या बायकांनी मिळून सूत रंगवण्याचा कारखाना काढला. अनसूया बोल्ली त्यांची प्रमुख होती. रंगाचे पाणी गाळून, निवळून मगच बाहेर सोडायचे, असा त्यांचा नियम होता आणि तो त्या मनापासून पाळत.

त्याच गावात वृंदा पाटणकर नावाच्या संख्याशास्त्रज्ञ राहत. तळ्याजवळ कारखाना नको, असे त्यांचे पहिल्यापासूनचे मत होते. त्यांचे कोणी ऐकले नव्हते, आणि ते त्यांच्या मनात राहून गेले होते.

तळ्याचे पाणी रोज तपासणीला जात असे. मार्चअखेर वर्ष सरल्यावर तपासणीचे सारे आकडे ग्रामपंचायतीकडे आले. काही दिवशी पाण्यात शिसे आढळले होते. शिसे दिसत नाही, त्याला चव नाही, पण लहान मुलांना ते फार बाधते. गाव हादरले. हे शिसे कारखाना सुरू होण्याआधीचे की नंतरचे, हे शोधण्याचे काम वृंदाबाईंकडे आले. खात्री करून घ्यावी म्हणून तेच आकडे शहरातल्या निशिकांत तोरणे यांनाही धाडले.

दोघांकडे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर एकच होते, पण त्यांचे संगणक वेगवेगळ्या प्रणालींवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमवर, चालत. वृंदाबाईंच्या संगणकाने सांगितले, शिसे कारखान्यानंतरचे आहे. आणि ते ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याच्या सात तारखेलाच दिसते आहे.

“सात तारखेला बायकांचा पगार होतो,” वृंदाबाई स्वतःशी म्हणाल्या. “त्या गडबडीत पाणी तसंच सोडून देत असणार.”

संध्याकाळी निशिकांतचा फोन आला. “वृंदाताई, माझ्याकडं उलटं दिसतंय. शिसं कारखान्याच्या आधीचं आहे.”

“तुमची प्रणाली वेगळी आहे. तीच चुकत असेल.”

“चुकत असेल. पण तुमचीही चुकत असू शकते.”

वृंदाबाईंनी आपला संगणक तपासून पाहिला. कारखान्याचे उद्घाटन वीस जुलैला झाले होते. ती तारीख संगणकाने बरोबर वाचली. मग त्यांनी पंधरा ऑगस्टची तारीख घातली. तीही बरोबर आली. त्यांचे समाधान झाले. ग्रामसभेत त्यांनी आपला निष्कर्ष ठामपणे सांगितला. त्याच दिवशी कारखान्याला टाळे लागले आणि बायका रिकाम्या हातांनी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अनसूया वृंदाबाईंच्या दारात उभी राहिली. ती भांडायला आलेली नव्हती.

“बाई, सात नोव्हेंबरला दिवाळी होती. आठवडाभर कारखाना बंद होता. बंद कारखान्यातनं पाणी कोण सोडणार?”

‘आधीच सोडून ठेवलं असेल,’ हे उत्तर वृंदाबाईंच्या ओठांवर आले, आणि तिथेच थांबले. आधी आपण पगाराचे कारण शोधले. आज दिवाळीचे शोधतो आहोत. ही बाई आणखी काही बोलली, तर त्यावरही आपल्याला काहीतरी सुचेल. हे ध्यानात येताच त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

“अनसूयाबाई, आत या, बसा,” त्या म्हणाल्या. “मला पुन्हा बघू द्या.”

या वेळी त्यांनी महाराष्ट्र दिनाची तारीख घातली. एक, तिरकी रेघ, पाच. संगणकाने ती वाचली, पाच जानेवारी.

वृंदाबाईंनी बाकीच्या तारखाही पडद्यावर ताडून पाहिल्या. त्यांच्या संगणकाची प्रणाली महिना आधी आणि दिवस नंतर असे वाचत होती. वीस किंवा पंधरा नंबरचा महिना नसतो, म्हणून तिथे संगणक आपोआप सुधारून घेई. बारापर्यंतच्या आकड्यांना मात्र तो खुशाल महिना समजे. आठ जुलैचे सात ऑगस्ट झाले होते. नऊ जुलैचे सात सप्टेंबर, आणि अकरा जुलैचे दिवाळीतले सात नोव्हेंबर झाले होते. शिसे जुलैत काही दिवस सलग आले होते, आणि तेही कारखान्याचे दार उघडण्याआधी.

त्यांनी लगेच निशिकांतला फोन लावला. “चूक माझ्याकडं होती.”

तो म्हणाला, “ताई, खरं सांगू? माझं बरोबर का आलं, हे मीही बघितलं नव्हतं. माझी प्रणाली दिवस आधी वाचते, एवढंच. हिशेब पुन्हा दोघं मिळून करू.”

दोघांनी दिवस कुठला, महिना कुठला, हे सॉफ्टवेअरला स्पष्ट सांगितले. प्रणालीवर काही सोडले नाही. ओळखीच्या बऱ्याच तारखा घालून पाहिल्या. आता दोन्ही संगणकांचे उत्तर एक आले. मग माणसे तळ्याच्या वरच्या टेकडीवर गेली. तिथे कुणीतरी जुन्या बॅटऱ्यांचा ढीग टाकलेला सापडला. जुलैच्या जोराच्या पावसात त्यांतले शिसे वाहून तळ्यात आले होते. पुढचा पावसाळा तोंडावर होता. गावाने तो ढीग वेळीच हलवला.

ग्रामसभेच्या आधी सरपंच वृंदाबाईंना बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, संगणक बिघडला होता असं सांगा. लोक समजून घेतील.”

वृंदाबाईंनी नकारार्थी मान हलवली. सभेत त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “संगणक बिघडला नव्हता. त्यानं त्याच्या सवयीप्रमाणं वाचलं. आणि जे निघालं ते मला हवं तेच होतं, म्हणून मी पुढं बघितलं नाही. या बायकांची मी माफी मागते.”

मागून एक म्हातारा विणकर म्हणाला, “मागल्या खेपेलाबी तुम्ही ठामच बोलला होता, बाई.”

“बोलले होते. म्हणून या वेळी नुसतं माझ्या शब्दावर जाऊ नका. सगळ्या तारखा इथं भिंतीवर लावल्यात. ज्याला वाटेल त्यानं येऊन बघाव्यात.”

लोक उठले. एकेक तारीख बोटाने दाखवत, मोठ्याने वाचत राहिले. अनसूया मात्र जागची हलली नाही. सरपंचांनी कारखान्याची किल्ली तिच्या हातात दिली, तेव्हा ती वृंदाबाईंना म्हणाली, “उद्यापासनं आमच्या मोरीचं पाणीपण रोज तपासा. आम्हालाबी खात्री हवी. फक्त महिन्याचं नाव अक्षरांत लिवा.”

तात्पर्य: जे उत्तर आपल्या मनासारखे येते, त्याचीच तपासणी अधिक कसून करावी, कारण तिथेच आपले डोळे लवकर मिटतात.