चिमी कुर्लीचा शंख

दर्याने गोष्ट सांगितली वाळूला. वाळूने सांगितली शिंपल्याला. शिंपला धरा कानाशी. ऐका.

एक होती कुर्ली, दर्याकाठची खेकडी. तिचं नाव चिमी.
केवढी होती? करंगळीच्या नखाएवढी.
पुढून टणक, मागून मऊ. मऊ पाठीवर एक शंख. शंख हेच तिचं घर. जिकडे चिमी, तिकडे घर.
तुरतुर तुरतुर.

श्रावण सरत आला होता. ऊन पिवळं, ढग पांढरे. पावसाळाभर होडी वाळूवर निजली होती. होडीलगत गार सावली. सावलीत ओंजळभर पाणी.
चिमी म्हणाली, "जरा न्हाऊन घ्यावं."
शंख काढला. कडेला ठेवला. पाण्यात बुडी मारली. डुबुक!
तेवढ्यात होडीने झोपेत कूस बदलली. कर्रर्र... धप्प!
शंख गेला होडीखाली.

आता काय? चिमीची पाठ उघडी!
आणि लांब उभा होता बगळा. एका पायावर. एक डोळा मिटलेला. एक डोळा चिमीवर.

चिमी म्हणाली, "होडीताई, होडीताई, सरक ना!"
होडीने जांभई दिली. "आऽऽऽ... मी नाही सरकत. रिकाम्या पोटी मी कुठं जाते का? जाळं चढलं, तर सरकेन."
बगळ्याने एक पाऊल टाकलं. ढांग.

चिमी निघाली. तुरतुर तुरतुर.
बांबूवर जाळं वाळत होतं. वाऱ्याशिवायच झुलत होतं.
"जाळेदादा, जाळेदादा, होडीत चढ ना!"
"का गं?"
"होडी सरकेना,
शंख मिळेना,
पाठ माझी उघडी!"
जाळं म्हणालं, "मी नाही चढत. हे बघ केवढं भोक! माशांचं अख्खं गाव जाईल त्यातून. भोक शिवलं, तर चढीन."
बगळ्याने एक पाऊल टाकलं. ढांग.

चिमी निघाली. तुरतुर तुरतुर.
धाकूआजा दारात बसला होता. सगळ्या गावाची जाळी तोच शिवायचा.
"आजा, आजा, जाळं शिव ना!"
आजाने चष्मा वर केला. "काय गो चिमे, आज अशीच? घर कुठं विसरलीस?"
"जाळं चढेना,
होडी सरकेना,
शंख मिळेना,
पाठ माझी उघडी!"
आजा म्हणाला, "मी नाही शिवत. दर्या बघ कसा खवळलाय. जाळं शिवून नेऊ कुठं, न्हाणीत? दर्या निवला, तर शिवीन."
बगळ्याने एक पाऊल टाकलं. ढांग.

चिमी निघाली. तुरतुर तुरतुर.
दर्या गरजत होता. धडाम् धूं! धडाम् धूं!
"दर्याबाबा, दर्याबाबा, निव ना!"
"काऽऽ गं?"
"आजा शिवेना,
जाळं चढेना,
होडी सरकेना,
शंख मिळेना,
पाठ माझी उघडी!"
दर्या म्हणाला, "मी नाही निवत. श्रावणात मला नारळ देतात. यंदा कुठाय माझा नारळ? नारळ मिळाला, तर निवीन."
बगळ्याने एक पाऊल टाकलं. ढांग.

चिमी निघाली. तुरतुर तुरतुर.
माड उंच. नारळ त्याहून उंच. पार ढगापाशी.
"नारळभाऊ, नारळभाऊ, खाली पड ना!"
"का गं?"
"दर्या निवेना,
आजा शिवेना,
जाळं चढेना,
होडी सरकेना,
शंख मिळेना,
पाठ माझी उघडी!"
नारळाने खाली बघितलं. डोळे गच्च मिटले. "मी नाही पडत. मला भीती वाटते. वाऱ्याने झुलवलं, तर पडीन."
बगळ्याने एक पाऊल टाकलं. ढांग. आता तो फारच जवळ आला होता.

चिमी पळाली. तुरतुर तुरतुर तुरतुर.
केवड्याच्या बनात वारा निजला होता. पावसाळाभर धावून दमला होता. घुर्रर्र फुस्स. घुर्रर्र फुस्स. बनभर केवड्याचा वास.
"वारामामा, वारामामा, ऊठ ना!"
"अं? का गं?"
"नारळ पडेना,
दर्या निवेना,
आजा शिवेना,
जाळं चढेना,
होडी सरकेना,
शंख मिळेना,
पाठ माझी उघडी!"
वारा हळूच म्हणाला, "उठलो असतो गं. पण माझा शेला अडकलाय काट्यात. उठलो, की फाटेल टर्रकन. काटा तुटला, तर उठीन."
"मग तोड ना काटा!"
"माझी बोटं मोठी. आत जायची वाट एवढीशी. तिथं इवलंसं कुणी पाहिजे."

चिमीने वाट निरखली. खरंच एवढीशी. पाठीवर शंख असता, तर ती अडकलीच असती.
आज शंख नव्हता.
पण काटे! इकडे काटा. तिकडे काटा. मधे चिमीची मऊ मऊ पाठ.
मागे ढांग!
चिमीने श्वास घेतला. पोट आत. पाठ आत. पाय आत.
हळू... हळू... आणखी हळू...
बगळ्याने चोच घातली. काटा लागला. टोच! "आई गं!" बगळा मागे सरला.
चिमीने नांगी उघडली. काटा धरला.
कट्!

शेला सुटला. वारा उठला. सुर्रर्र...
वारा उठला, नारळ झुलला. इकडे झुलला, तिकडे झुलला. डोळे मिटले. धप्प!
गडगड गडगड, थेट आजाच्या पायाशी.
"आला रे आला!" आजा म्हणाला. नारळाला कुंकू लावलं. फूल वाहिलं. आजा गुडघाभर पाण्यात उभा राहिला. "घे बाबा दर्या. लेकरं सांभाळ."
डुबुक!
नारळ मिळाला, दर्या निवला. शू... शू... शू...
दर्या निवला, आजाने जाळं शिवलं. सुई वर, सुई खाली.
भोक शिवलं, जाळं चढलं.
जाळं चढलं, सगळं गाव धावलं. "हेय्या हो! हेय्या हो!"
होडी सरकली!
खाली वाळू. वाळूत खळगा. खळग्यात शंख!
आधी पाठ, मग पाय. सुळुक! चिमी घरात.
मागून आला बगळा. शंखावर चोच मारली. टक टक.
"कुणी आहे का?"
आतून चिमी म्हणाली, "कुणी नाही!"
"बरं," म्हणाला बगळा, आणि गेला.

होडी पाण्यात गोल फिरली. जाळं सोडत गेली, दोर घेऊन परत आली. मग किनाऱ्यावर सगळ्यांनी दोर धरला. आजाने धरला. शेजारच्या चांगुणाकाकीने धरला. सगळ्यात शेवटी चिमीने धरला, एका नांगीने.
"हेय्या हो! हेय्या हो!"
जाळं आलं. चमचम चमचम! जणू चांदण्याच आल्या पाण्यातून.

त्या गावाची एक रीत होती. दोराला हात लावील, त्याला वाटा.
आजा वाटे देत होता. "हे तुझे बांगडे. ह्या तुझ्या तारल्या."
चिमी वाळूत बसून होती.
चांगुणाकाकी हसली. "ही नखभर! हिनं काय ओढलं म्हणे?"
आजा म्हणाला, "हात लावला ना? मग वाटा."
आजाने जाळं झटकलं. एक जवळा निघाला. कोळंबीचा सगळ्यात धाकटा भाऊ. अगदी चिमीएवढा. आजाने तो दोन बोटांनी उचलला. चिमीपुढे ठेवला.
"घे गो. हा तुझा."

बगळा आला. ढांग ढांग ढांग. "आणि मला?"
"तू हात लावलास?" आजाने विचारलं.
बगळ्याने मान खाली घातली. उचललेला पाय खाली ठेवला.
"उद्या लावीन," म्हणाला.

चिमीने जवळा खाल्ला. मटमट मटमट.
ऊन विरलं. दर्या गुलाबी झाला. वारामामा शेला पांघरून हळूहळू चालला. चिमी घरात शिरली. घराला दार लावलं, नांगीचं. टक.
बाहेर दर्या म्हणत होता, शू... शू... शू...

शिंपला मिटला. गोष्ट निजली. आता तूही नीज.