नऊ गड आणि न पुसलेली पाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कागद अजून या मुलखात पोचलाच नव्हता. मुलं गणितं करायची ती धूळपाटीवर. लाकडाची चौकट, तिच्यात चाळलेली बारीक लाल धूळ आणि हातात एक काडी. काडीनं लिहायचं, तळव्यानं पुसायचं, पुन्हा लिहायचं. मुलांनो, हसू नका. त्याच धुळीत त्या लोकांनी सूर्यचंद्राचे हिशेब मांडले होते.

तर त्या राज्यात दर तीन वर्षांनी राजधानीत गणिताची मोठी स्पर्धा भरत असे. गावोगावच्या पाठशाळांतून मुलंमुली येत. अट एकच, वय सोळाच्या वर नको. आणि बक्षीसही एकच. जो पहिला येईल त्याला डोंगरावरच्या वेधशाळेत शिकायला जागा मिळे. दुसऱ्या-तिसऱ्याला पाठीवर थाप आणि लाडू.

त्या वर्षी लांबच्या घाटातल्या एका गावाहून येसू आली होती. कोष्ट्याची मुलगी. तिला सोळावं लागलेलं, म्हणजे पुढच्या स्पर्धेचा प्रश्नच नव्हता. जागा मिळाली तर वेधशाळा, नाही तर घरचा माग. मागाचं तिला वावडं नव्हतं, सुंदर विणायची ती. पण ग्रहण कधी लागणार हे माणसाला आधीच कसं कळतं, हा प्रश्न सात वर्षांची असताना तिच्या डोक्यात शिरला होता आणि त्यानं तिला आजवर स्वस्थ बसू दिलं नव्हतं. गावात त्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. ते त्या डोंगरावर होतं.

आता या राज्याची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं कळायचं नाही. तिथे स्वच्छ पाटीला फार मान होता. गणित करताना एक पायरी झाली की पुसायची, दुसरी झाली की पुसायची, आणि शेवटी गुळगुळीत धुळीवर मधोमध फक्त उत्तर ठेवायचं. चुकलं तर तेही पुसायचं, कुणी बघायच्या आत. ज्याची पाटी स्वच्छ तो हुशार, असं लहानथोर सगळे मानत. स्पर्धेचा नियमसुद्धा तसाच होता: वेळ संपल्यावर बरबटलेली पाटी दिसली तर ती बाद.

येसूच्या गावातले गुरुजी मात्र उलट्या डोक्याचे. त्यांच्या पाठशाळेत चुकलेलं पुसायला बंदी होती. चुकलं की त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी नव्यानं मांडायचं. त्यामुळे त्यांच्या मुलांच्या पाट्या म्हणजे कोंबड्यांनी उकरलेलं अंगण. पंचक्रोशीतले लोक नाकं मुरडत. गुरुजी म्हणत, "मुरडू देत. नाक त्यांचं आहे."

स्पर्धेच्या पहिल्या फेरीत चाळीस मुलं बसली. येसूनं सवयीप्रमाणे रेघा मारत गणित सोडवलं, उत्तरही बरोबर आलं. वेळ संपायच्या आत बाकीचं पुसून टाकायचं, हे तिच्या लक्षातच राहिलं नाही. तपासनीस फिरत फिरत तिच्यापाशी आला आणि थबकला.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

"गणित," येसू म्हणाली.

"गणित? मला वाटलं, इथून बैलगाडी गेली."

सगळे हसले. शेजारी राजधानीच्या पाठशाळेतला नरहर बसला होता. त्याची पाटी आरशासारखी गुळगुळीत होती. तो हसला नाही, पण त्यानं मान वळवली, आणि येसूला तेच जास्त लागलं. तपासनिसानं लांबच्या गावची मुलगी म्हणून पहिल्या फेरीत चालवून घेतलं. पुढच्या वेळी पाटी अशी दिसली तर बाद, असं मात्र बजावलं.

दुसऱ्या फेरीत येसूनं सगळ्यांसारखं केलं. लिहिलं, पुसलं, लिहिलं, पुसलं. शेवटी जे उत्तर आलं ते विचित्र होतं, काहीतरी चुकलंय हे तिला कळत होतं. पण कुठं चुकलं हे पाहायला पाटीवर काहीच उरलं नव्हतं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केली, तर अर्ध्यावर वेळ संपली. पहिल्या फेरीतल्या बरोबर उत्तराच्या जोरावर निवडलेल्या आठ जणांत ती कशीबशी आठवी आली.

दुपारी धर्मशाळेच्या ओट्यावर ती तिच्यासोबत आलेल्या गुरुजींसमोर बसली. गुरुजींनी भाकरी, चटणी आणि कांदा पुढे केला. ती भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहिली.

"पुसत होतीस?" गुरुजींनी विचारलं.

"सगळेच पुसतात, गुरुजी."

"बरं. मग चुकलं कुठं?"

"माहीत नाही."

"कसं माहीत असणार," गुरुजी म्हणाले आणि कांदा फोडून खाऊ लागले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ येसू, उद्या पाटी पूस असंही मी म्हणणार नाही आणि पुसू नकोस असंही म्हणणार नाही. जागा तुला हवी आहे, मला नव्हे. मी म्हातारा झालो, मला काय, इथून परत जाऊन पोरांना पाढेच शिकवायचे आहेत. फक्त आता भाकरी खा."

तिनं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची फेरी. दरबारात राजा स्वतः बसला होता. वेधशाळेचे वृद्ध आचार्य मुख्य परीक्षक होते. शेवटच्या फेरीचा प्रश्न दर वेळी राज्याच्या खऱ्या गरजेतला असे, आणि आचार्य त्याचं उत्तर आधीच ताडपत्रावर लिहून मोहरबंद करून ठेवत. तळाला बारीक भोक असलेली तीन घटिकापात्रं पाण्यात एकामागून एक बुडेपर्यंत वेळ होता.

आचार्यांनी प्रश्न वाचला. "राज्यात नऊ गड आहेत. महाराजांची इच्छा आहे की प्रत्येक गडावरून बरोबर पाच गडांना थेट रस्ता असावा. कमी असले तर वेढा पडल्यावर मदत पोचत नाही, जास्त असले तर पहाऱ्याला माणसं पुरत नाहीत. दोन गडांमध्ये एकच रस्ता. तर एकूण किती रस्ते बांधावे लागतील? पुढच्या महिन्यात पाथरवट कामाला लागणार आहेत."

काड्या चालू लागल्या. येसूनं नऊ ठिपके काढले आणि त्यांना रेघांनी जोडू लागली. एका गडाचे पाच झाले, दुसऱ्याचे पाच झाले, आणि शेवटी एक गड चारवरच अडला. जोडायला दुसरा कुणी उरलाच नाही. तिचा तळवा आपोआप पुसायला उचलला गेला. क्षणभर तो तसाच धुळीच्या वर थांबला. मग तिनं काडी घेतली, त्या आकृतीवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नवे नऊ ठिपके काढले.

दुसऱ्या खेपेलाही एक गड अडला. तिसऱ्या खेपेला तीन गड अडले. चौथ्या खेपेला पुन्हा एक. पाटी छोटी, म्हणून ती आकृत्याही चिमुकल्या काढत होती. दुसरं पात्र बुडालं तेव्हा तिच्यासमोर रेघ मारलेल्या सहा आकृत्या होत्या, आणि बरोबर आलेली एकही नव्हती. तिला रडू यायला लागलं होतं. गावाकडची वाट डोळ्यांसमोर दिसत होती.

आणि त्या सहा फसलेल्या आकृत्यांकडे बघता बघता तिला एक गोष्ट दिसली. कधी एक गड अडत होता, कधी तीन. दोन कधीच नाही. चारही नाही. एवढं शिस्तीत चुकायला आपण काय ठरवून चुकतोय, असं तिच्या मनात आलं. तिनं डोळे पुसले, पुन्हा एकदा सगळ्या आकृत्या पाहिल्या, आणि मग तिला कारण कळलं. तिसरं पात्र अजून तरंगत होतं.

"वेळ संपत आली," तपासनीस ओरडला. "पाट्या स्वच्छ करा. फक्त उत्तर ठेवा."

सात तळवे धुळीवरून फिरले. येसूनं आजूबाजूला पाहिलं. दोन पाट्यांवर पंचेचाळीस होतं. नरहरच्या आणि बाकीच्यांच्या पाट्यांवर तेवीस. तेवीस लिहिलं असतं तर ती चारचौघांसारखी सुखरूप राहिली असती.

"पूस ना," नरहर हळूच म्हणाला. त्याला तिची खरंच काळजी वाटत होती. "बाद करतील."

येसूनं काडी खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पात्र बुडालं.

तपासनीस तिच्यापुढे उभा राहिला. "आचार्य, ही पाटी पुन्हा बरबटलेली आहे. आणि हिच्यावर उत्तरच नाही."

आचार्य उठून तिच्याजवळ आले. "मुली, नियम तुला सांगितला होता ना?"

"सांगितला होता, आचार्य. पण पुसलं असतं तर माझं म्हणणं कुणाला पटलं नसतं. असे रस्ते होऊच शकत नाहीत."

दरबारात कुजबुज झाली. राजानं भुवया उंचावल्या. आचार्य शांतपणे म्हणाले, "का?"

येसूनं आकृतीतल्या एका रेघेकडे बोट दाखवलं. "रस्ता कुठलाही असो, त्याला दोन टोकं असतात. एक रस्ता बांधला की दोन टोकं, दहा बांधले की वीस. टोकं नेहमी जोडीनंच वाढणार. आणि महाराजांना नऊ गडांवर पाच-पाच टोकं हवीत. ती होतात पंचेचाळीस. पंचेचाळीसच्या जोड्या लावल्या तर एक टोक उरतंच. म्हणून मी कसंही जोडलं तरी कुणीतरी अडतं. कधी एक अडतो, कधी तीन. ही बघा, सहाही वेळा तसंच झालंय."

आचार्य वाकून एकेक आकृती पाहू लागले. फार वेळ पाहत राहिले. मग त्यांनी सुतळीचे तुकडे मागवले.

"तुम्ही आठ जण आहात. नववा मी," ते म्हणाले. "आपण नऊ गड. दोघांमध्ये एक सुतळी, आणि प्रत्येकाच्या हातात पाच टोकं. धरा."

सगळ्या दरबारासमोर मोठा गोंधळ उडाला. सुतळ्या गुंतल्या, मुलं एकमेकांच्या हाताखालून वाकली, राजासुद्धा सिंहासनावरून पुढे सरकून "त्याला दे, त्याला दे" असं सांगू लागला. शेवटी आठही मुलांच्या हातात पाच-पाच टोकं झाली. आचार्यांच्या हातात चारच होती.

"आणखी एक तुकडा घ्या, आचार्य," नरहर म्हणाला. "मग तेवीस होतील."

आचार्यांनी घेतला. त्यांची पाच टोकं झाली. त्या सुतळीचं दुसरं टोक मात्र जमिनीवर लोळत राहिलं. ते घ्यायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. नरहर त्या टोकाकडे बघतच राहिला.

आचार्यांनी सुतळ्या खाली ठेवल्या. मोहरबंद ताडपत्र त्यांनी स्वतःच्या हातानं फोडलं आणि सगळ्यांना दाखवलं. त्यावर लिहिलं होतं: तेवीस.

"पंचेचाळीसचे निम्मे साडेबावीस. अर्धा रस्ता कुणी बांधत नाही, म्हणून मी तेवीस केले," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्वच्छ होता. "महाराज, हे गड मी स्वतः पाटीवर जोडून पाहिले होते. तीनदा पाहिले. तिन्ही वेळा एक गड अडला. मला वाटलं, माझा हात म्हातारा झाला. तिन्ही वेळा मी पुसून टाकलं. हिच्यासमोर जे होतं, तेच माझ्याही समोर होतं. मी ते ठेवलं नाही."

तपासनिसानं आपल्या हातातल्या यादीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग या मुलीला बाद करायचं का?"

"बाद करायचा तो नियम," आचार्य म्हणाले. "वेधशाळेतली जागा येसूची."

मागच्या खांबाशी उभे असलेले गुरुजी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपत होते. कुणी विचारलं असतं तर त्यांनी धूळ गेली असं सांगितलं असतं.

राजानं बावीस रस्ते बांधले. आठ गडांना पाच-पाच मिळाले, एकाला चार, आणि त्या एकावर धान्याची कोठारं दुप्पट केली. पुढच्या स्पर्धेपासून मुलांना मोठ्या पाट्या मिळू लागल्या, आणि परीक्षक उत्तराआधी त्याच्याभोवतीच्या रेघा वाचू लागले. त्या स्पर्धेत नरहरचा धाकटा भाऊ पहिला आला, तेव्हा त्याची पाटी बघवत नव्हती.

येसू डोंगरावर गेली आणि ग्रहणांचं गणित शिकली. तिनं स्वतः वर्तवलेलं पहिलं ग्रहण दोन घटका उशिरा लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं चावडीवर लोकांना बोलावून आपण कुठं चुकलो ते उलगडून सांगितलं. त्यानंतरचं ग्रहण तिनं सांगितलेल्या घटकेलाच लागलं, आणि लोक घराबाहेर येऊन वर बघत उभे राहिले.

जो आपली चूक पुसून टाकतो तो तिच्यापाशीच अडून राहतो, आणि जो ती समोर ठेवून नीट पाहतो त्याला ती चूकच पुढची वाट दाखवते.